परक्या उरातले हृदय : अवयवदानाच्या कथांचा एक अभ्यास

एका ठराविक धाटणीच्या कथेची गोडी आपल्या समाजास फार आहे. तरुण जोडपे असते, दृष्ट लागावी असा संसार असतो, आणि एके दिवशी अपघात होऊन पत्नी जाते. तिचे हृदय त्याच रात्री दुसऱ्या एका मरणोन्मुख मुलीच्या छातीत बसविले जाते. नवरा दुःखाने वेडापिसा होतो, कामात मन घालू पाहतो, कोणाशी बोलेनासा होतो. पुढे त्याची त्याच मुलीशी गाठ पडते, त्याच्या थिजलेल्या मनाला पुन्हा पालवी फुटते, आणि आपल्या बायकोचेच हृदय हिच्या उरात धडधडत आहे ही गोष्ट दोघांच्या मध्ये उभी राहते. अतुल अग्निहोत्री यांनी दिग्दर्शित केलेला ‘दिल ने जिसे अपना कहा’ हा हिंदी चित्रपट २००४ साली आला, तो याच कथेचा. सलमान खान, प्रीती झिंटा आणि भूमिका चावला ही नटमंडळी त्यात होती. त्याच्या आधी चार वर्षे अमेरिकेत ‘रिटर्न टु मी’ या नावाचा असाच एक चित्रपट निघाला होता. त्यात हृदय मिळालेली मुलगी दात्याच्या कुटुंबास बिननावाचे आभाराचे पत्र लिहिते, आणि पुढे जो पुरुष तिला आवडू लागतो त्याच्याच घरात तिला ते आपले पत्र सापडते. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांस धारा लागतात, यात नवल नाही.

या कथेस हसण्याचा आमचा मुळीच विचार नाही. ज्याचे माणूस गेले त्याला त्या माणसाचे काहीतरी या जगात उरावे असे वाटते, आणि या कथा त्या वाटण्याला एक ठिकाण देतात. परंतु ट्रस्टच्या सभासदांनी व त्यांच्या घरच्या मंडळींनी या कथांकडे जरा अभ्यासूपणे पाहावे, असे आम्हांस वाटते. कारण चित्रपटात जी गोष्ट एका क्षणात उरकली जाते, ती म्हणजे ‘होय’ म्हणण्याची गोष्ट, तीच आपल्यापैकी कोणावरही केव्हा तरी येण्यासारखी आहे. आणि जी गोष्ट तीन तास रंगविली जाते ती तशी घडत नाही.

आधी हृदयाचेच पाहू. माणसाचे हृदय माणसात बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरी ३ डिसेंबर १९६७ रोजी डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केली. दाती डेनिस डार्व्हाल ही पंचवीस वर्षांची मुलगी होती. आदल्या दिवशी आईबरोबर केक आणावयास रस्ता ओलांडताना दोघींना मोटारीने उडविले. आई जागीच गेली; मुलीच्या मेंदूला असा मार बसला होता की ती वाचणार नव्हती. एकाच दिवशी बायको आणि मुलगी गमावलेल्या एडवर्ड डार्व्हाल या गृहस्थाला डॉक्टरांनी तशा स्थितीत विचारले, आणि त्याने काही मिनिटांतच संमती दिली. ते हृदय लुई वॉशकान्स्की या रुग्णाला बसविले गेले व तो अठरा दिवस जगला. मुलीचे एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मुलाला मिळाले. तो मुलगा गोरा नव्हता, आणि त्या काळी त्या देशात गोऱ्यांची व इतरांची रुग्णालयांतील दालनेसुद्धा निराळी होती, हे येथे सांगून ठेवावेसे वाटते.

आता चित्रपटांत असे दाखवितात की, प्रियकर समोर येताच त्या परक्या छातीतले हृदय ओळख पटून धडधडू लागते. वैद्यकशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. हृदय काढताना त्याचे सर्व मज्जातंतू कापले जातात. नव्या छातीत रक्तवाहिन्या जोडता येतात. मज्जातंतू मात्र जोडले जात नाहीत. ठोके देण्याची शक्ती हृदयाच्या स्वतःच्या अंगी असल्यामुळे ते चालते, पण मेंदूचा निरोप त्याला पूर्वीसारखा थेट पोचत नाही. म्हणून असे हृदय स्वस्थ बसलेल्या माणसातही मिनिटाला ९० ते ११० ठोके देते, आणि आनंद, भीती किंवा प्रेम यांची वार्ता त्याला रक्तातून वाहत येणाऱ्या रसायनांच्या द्वारे, थोडी उशिराच कळते. काही मज्जातंतू वर्षांनी पुन्हा वाढतात, काही वाढत नाहीत. तेव्हा प्रिय माणूस दारात उभे राहिले असता डोळ्यांस कळते, मनास कळते, हातास घाम सुटतो, आणि बिचारे नवे हृदय सर्वांच्या मागून जागे होते! दात्याच्या आवडीनिवडी हृदयाबरोबर दुसऱ्यात उतरतात अशा ज्या गोष्टी फिरतात, त्यांस आजवर शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही.

हे वाचून काहींचा विरस होईल. आम्हांस मात्र यात दिलासा दिसतो. गेलेल्या माणसाचे प्रेम त्याच्या हृदयाच्या मांसपेशींत नव्हते, म्हणून ते काढून देताना आपण ते प्रेम परक्याला देऊन टाकीत नाही. ते जेथे होते तेथेच, म्हणजे मागे राहिलेल्यांपाशीच, राहते.

दुसरी गोष्ट मृत्यूची. आपल्याकडे श्वास थांबला, नाडी थांबली, म्हणजे माणूस गेले, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत. अवयवदान जेथे होते तेथे मात्र छाती खालीवर होत असते, अंग ऊन असते, पडद्यावर ठोक्यांची रेघ चाललेली असते, आणि डॉक्टर सांगतात की, तुमचे माणूस गेले. हे ऐकून कोणाचेही मन बंड करून उठेल. याचा उलगडा असा की, श्वास घेण्याची आज्ञा मेंदूच्या बुंध्यातून निघते. डोक्याला जबर मार बसला अथवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, तर तो बुंधा मरतो आणि श्वास कायमचा थांबतो. यंत्राने हवा भरीत राहिल्यास हृदयाला प्राणवायू मिळतो व ते काही काळ चालते. पण यंत्रच श्वास घेत असते, माणूस नव्हे. बेशुद्धावस्था निराळी. बेशुद्ध माणसाचा मेंदू जिवंत असतो व तो कधी कधी शुद्धीवर येतो. मेंदू मृत झालेला माणूस परत आल्याचे उदाहरण, तपासणी यथाविधी झाली असेल तर, नाही.

ती तपासणी यथाविधी व्हावी म्हणूनच आपल्या देशात १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. चार डॉक्टरांच्या मंडळाने तपासावयाचे. त्यांत अवयव बसविणारा डॉक्टर असता कामा नये. आणि किमान सहा तासांच्या अंतराने तीच तपासणी पुन्हा करावयाची. डोळ्यांत प्रकाश टाकला तर बाहुली हलते काय, घशाशी नळी लावली तर खोकला येतो काय, यंत्र क्षणभर बाजूस केले तर स्वतःचा एक तरी श्वास घेतला जातो काय, अशा त्या कसोट्या असतात. अवयवाची खरेदी-विक्री हा याच कायद्याने गुन्हा ठरविला. त्यापूर्वीची स्थिती फार बिकट होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे बर्नार्ड यांच्या मागोमाग अवघ्या अडीच महिन्यांत, हृदयप्रत्यारोपण केले होते. रुग्ण काही तासच जगला. त्या वेळी मेंदूच्या मृत्यूस आपल्या कायद्यात स्थानच नव्हते. पुढे सव्वीस वर्षे गेली, कायदा झाला, आणि ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून या देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण झाले. तो दिवस आता भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळतात. आपणांस जवळचे मोठे ठिकाण इंदूर. तेथे २०१५ पासून रस्ते मोकळे करून अवयव विमानतळावर अथवा दुसऱ्या रुग्णालयात पोचविण्याची व्यवस्था अनेकदा झाली आहे. हृदय छातीबाहेर साधारण चार ते सहा तासच टिकते, मूत्रपिंड मात्र एक दिवसाहून अधिक. म्हणून ही घाई.

अवयवदानावर लिहिणारे बहुतेक जण दधीची ऋषींपासून आरंभ करतात. आम्ही तो मोह टाळला आहे, आणि त्यास कारण आहे. दधीचींनी अस्थी दिल्या त्या स्वतःच्या, स्वतःच्या इच्छेने. शिबिराजाने मांस दिले तेही स्वतःच्या हाताने. येथे मात्र ज्याचे शरीर आहे तो बोलू शकत नाही. विचारले जाते ते त्याच्या बायकोला, बापाला, भावाला. आणि तेही अशा घटकेला की, त्या माणसाने स्वतःचे नावसुद्धा धड सांगू नये. दधीचीचा महिमा गाऊन या बायकोचे ओझे तिळभरही हलके होत नाही. खरा प्रश्न असतो तो हाच : त्यांना काय आवडले असते?

स्पेनचे दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोव्हार यांचा १९९९ चा ‘माझ्या आईविषयी सारे काही’ अशा अर्थाच्या नावाचा एक चित्रपट आहे. त्यातली नायिका मानुएला रुग्णालयात अवयवदानाच्याच खात्यात काम करते. नातेवाइकांना कसे विचारावे हे डॉक्टरांना शिकविण्यासाठी ती शोकाकुल बाईची नक्कल करीत असते. आणि एका रात्री तिचाच मुलगा अपघातात जातो, आणि तेच शब्द, त्याच चेहऱ्याने, तिला ऐकावे लागतात. ती सही करते. पुढे मुलाचे हृदय ज्याला मिळाले त्या माणसाच्या गावी ती नियम मोडून जाते, रुग्णालयातून तो बाहेर पडताना त्याला दुरून पाहते, आणि परत फिरते. त्याला ती काही विचारीत नाही. पुढे तिचा जीव पुन्हा जडतो, पण तो त्या माणसावर नव्हे. एका मरून गेलेल्या मुलीच्या पोरक्या तान्हुल्यावर. आमच्या मते या विषयावरच्या कथांत ही सर्वांत खरी. हृदयाच्या मागे गेलेली आई रित्या हाताने परतते, आणि तिला प्रेम मिळते ते तिची गरज असलेल्या जिवंत जीवापाशी.

आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना झाला की घरची मंडळी हात जोडून उभी राहतात. ‘पोरांना शिकवू’, ‘धाकटीचे लग्न करून देऊ’, ‘आईला अंतर देणार नाही’, अशी एकेक वचने देतात, आणि मृताची कोणती इच्छा राहिली याचा तर्क करतात. या चालीत किती प्रेम आहे ते आम्ही जाणतो. परंतु अवयवांच्या बाबतीत दहावा दिवस फार उशिराचा. तेथे इच्छा ठाऊक असावी लागते ती पहिल्याच दिवशी, पहिल्या काही तासांत. प्रतिज्ञापत्र भरून कपाटात ठेवले आणि घरी कोणाला सांगितलेच नाही, तर त्याचा उपयोग थोडा. कारण व्यवहारात घरच्यांच्या संमतीवाचून कोणी पुढे जात नाही. उलट, जेवता जेवता एकदा जरी नवरा बोलून गेला असेल की, ‘माझे काय चालेल ते देऊन टाका,’ तर ते एक वाक्य त्या बायकोला त्या रात्री आधार देते, आणि पुढे आयुष्यभर देते. तसेच ‘मला ते नको’ असे कोणी म्हटले असेल तर तेही घरात माहीत असावे. मग नकाराची बोचणी तिच्या मागे लागत नाही.

देशात २०२३ साली अठरा हजारांहून अधिक अवयवप्रत्यारोपणे झाली, पण त्यांत मृत्यूनंतर अवयव दिलेली माणसे होती सुमारे अकराशे. बाकीचे बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी, म्हणजे कोणाच्या आईने, कोणाच्या बायकोने, अंगातून काढून दिलेले. शंभर चाळीस कोटींच्या देशात वर्षाला अकराशे, हा आकडा वाचून आम्ही काही वेळ थांबलो.

क्रियाकर्माविषयी एक शंका नेहमी निघते, ती येथेच उरकून घेऊ. अवयव काढल्यावर शरीर नीट टाके घालून घरच्यांच्या स्वाधीन केले जाते. दहन वा दफन, जी ज्याची रीत, ती यथासांग करता येते. तामिळनाडूत २०२३ पासून अशा दात्यांस शासकीय इतमामाने निरोप देतात, आणि आपल्या मध्य प्रदेशानेही २०२५ साली मानवंदनेचा निर्णय घेतला आहे.

आता राहिले दुःख आणि दुसरे प्रेम. दुःखाचे थोर स्मारक कोठे सुरू झाले, हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील माणसास सांगावयास नको. मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपुरास, चौदाव्या बाळंतपणात, वारली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला पुरले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे शव आग्र्यास नेले. बादशहाचे केस दुःखाने पांढरे झाले असे त्याच्या दरबारी इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. त्याने दुःखाला संगमरवराचे घर बांधून दिले. सामान्य माणसाला ते साधत नाही, आणि साधले तरी त्या घरात राहता येत नाही.

मराठी मुलुखात दुसरे एक उदाहरण आहे, ते आम्हांस अधिक जवळचे वाटते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा कर्व्यांनी निश्चय केला, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई अवघ्या आठव्या वर्षी, लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, विधवा झालेल्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. कर्व्यांच्याच मित्राची बहीण. मुरूड गावाने या जोडप्यावर बहिष्कार घातला. त्याच गोदूबाई पुढे आनंदीबाई, सर्वांच्या बाया कर्वे, झाल्या आणि ‘माझे पुराण’ हे आपले आत्मचरित्र त्यांनी सांगितले. या लग्नात राधाबाईंची कोणती वस्तू, कोणता अवयव गोदूबाईंत आला नव्हता. एक विधुर व एक विधवा, दोघांनी आपापले गेलेले माणूस मनात ठेवून एकमेकांचा संसार उभा केला, आणि तो पन्नासांहून अधिक वर्षे चालला.

चित्रपटातली कथा येथेच थोडी लबाडी करते, असे आमचे मत आहे. नायकाने दुसऱ्या स्त्रीवर प्रेम केले तर प्रेक्षक त्याला कृतघ्न म्हणतील, या भीतीने ती दुसऱ्या स्त्रीच्या छातीत पहिलीचेच हृदय घालते; म्हणजे दुसरे प्रेम हे मुळात पहिलेच, असे सांगून सुटता येते. आपल्या घरांतूनही हीच भीती वावरते. तरुण सून विधवा झाली आणि वर्षभराने हसताना दिसली, की कुजबूज सुरू होते. मुलगा विधुर झाला तर तेरावा होताच स्थळे येतात, पण त्याला रडावयास कोणी वेळ देत नाही, ही त्याच भीतीची दुसरी बाजू. पाटाची चाल असलेल्या आपल्याकडच्या अनेक जातींत विधवेला पुन्हा घर मिळत असे हे खरे; पण पाटाची बायको आणि लग्नाची बायको असा भेद तेथेही केला जाईच. दोन प्रेमांना एकाच हृदयाचा दाखला लागतो, हे आम्हांस मान्य नाही.

अवयव मिळालेला मनुष्य आणि दात्याचे कुटुंब यांची ओळख सहसा एकमेकांस करून दिली जात नाही. ही रीत कठोर वाटते, पण तिच्यात शहाणपण आहे. एकीकडे उपकाराचे ओझे राहत नाही, दुसरीकडे ‘माझ्या मुलाचे हृदय तुझ्यात आहे’ असा हक्क राहत नाही. कधी भेटी होतात व त्या सुखाच्याही ठरतात. १९९४ साली इटलीत प्रवास करणाऱ्या एका अमेरिकन कुटुंबातला निकोलस ग्रीन हा सात वर्षांचा मुलगा लुटारूंच्या गोळीने गेला. ज्या देशात मुलगा मारला गेला त्याच देशातल्या सात जणांना आईबापांनी त्याचे अवयव व डोळे देऊ केले. यकृत मिळाले ती एकोणीस वर्षांची मुलगी त्या वेळी शेवटच्या घटका मोजीत होती. ती बरी झाली, तिचे लग्न झाले, आणि तिने आपल्या मुलाचे नाव निकोलस ठेवले. त्या देशात पुढील वर्षांत अवयवदान कितीतरी वाढले.

आता तुकईथडपुरते. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे दान व्हावयाचे तर माणूस मोठ्या रुग्णालयात, यंत्रावर असतानाच मेंदू मृत झालेला असावा लागतो. घरी, शेतात किंवा वाटेत प्राण गेला तर ते दान होत नाही. आपल्या गावातून अशा रुग्णालयापर्यंतची वाट लांबची आहे. डोळ्यांचे तसे नाही. मृत्यू घरी झाला तरी सहा तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, डोळे देता येतात. त्यांतली बुबुळावरची काचेसारखी पातळ चकती दोन आंधळ्यांस कामी येते. इंदुरात डॉ. धंडा यांनी ही शस्त्रक्रिया १९६० सालीच यशस्वी केली होती. चष्मा असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, मधुमेह असो, वय ऐंशी असो, डोळे सहसा चालतात.

एवढे करावे : पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवावेत, उशाला दोन उशा देऊन डोके उंच करावे, अंगावरचा पंखा बंद ठेवावा. जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर जिल्हा रुग्णालयात आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवावा, आणि आपल्या गावापर्यंत त्यांची माणसे येतात की कसे, तेही तेव्हाच विचारावे. इतर अवयवांसंबंधी माहिती हवी असल्यास केंद्र सरकारचा विनाशुल्क क्रमांक १८००११४७७० हा आहे. नोंदणी आधार क्रमांकावरून घरबसल्याही होते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या नातवाला शेजारी बसवून घ्यावे, म्हणजे नोंदणीही होईल आणि आजोबांनी काय ठरविले ते घरातल्या एकाला तरी कळेल.